सात पायऱ्यांतलं टेबल

फर्निचर हलवताना माणसाने शास्त्र सोडू नये, असं जयतीर्थरावांचं मत होतं, आणि ते फर्निचर हलवायच्या आदल्या दिवसापर्यंत चांगलं मजबूत होतं.

काम तसं एवढंसं होतं. मैसूरच्या कुवेंपुनगरातल्या त्यांच्या घराच्या हॉलची जुनी तांबडी जमीन उखडायची आणि तिथं टाइल्स बसवायच्या. बारा दिवसांचं काम. बारा हा आकडा चिदंबर मेस्त्रीने दिला होता, आणि देताना तो जमिनीकडे न बघता छताकडे बघत होता, हे जयतीर्थरावांच्या फार उशिरा लक्षात आलं. टाइल्सचा रंग कोणता असावा यावर पत्नी अन्नपूर्णाबाई आणि हेब्बाळच्या एका कंपनीत नोकरीला असलेला मुलगा अनंतकृष्ण यांचं पंधरा दिवस चाललं होतं. जयतीर्थराव त्यात एक शब्द बोलले नाहीत. त्यांना काळजी एकाच गोष्टीची होती, आईच्या शिसवी टेबलाची.

हे टेबल म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. कमरेएवढ्या उंचीचं, एक ड्रॉवर असलेलं, आणि वरच्या फळीत दोन पोपट आणि आंब्याची डहाळी जडवलेली. मैसूरच्याच कुणा कारागिराचं जुनं काम. आई गेल्यावर वाटण्या झाल्या तेव्हा शिमोग्याच्या कुसुमावती अक्काने, म्हणजे जयतीर्थरावांच्या थोरल्या बहिणीने, हे टेबल मागितलं होतं. जयतीर्थरावांनी आयुष्यात अक्कापुढे कधी नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी कसं कोण जाणे, म्हटलं. सगळे थक्क झाले, त्यात जयतीर्थरावही होते. अक्का म्हणाली की राहू दे तुझ्याकडे, पण आपण दर दसऱ्याला येऊन बघणार, आणि ज्या वर्षी त्यावर एक ओरखडा किंवा एक डाग दिसेल त्या वर्षी टेबल त्याच टॅक्सीत घालून शिमोग्याला नेणार. लोक असं बोलतात आणि विसरतात. अक्का विसरली नाही. अकरा वर्षं ती दर विजयादशमीला येई, चहाच्या आधी चष्मा पुसे, टेबलावरून बोट फिरवी, आणि "असू दे या वर्षी" असं म्हणून खुर्चीत बसे. अकरा वर्षं जयतीर्थरावांनी त्या टेबलावर पाण्याचा ग्लाससुद्धा ठेवू दिला नव्हता. खरं सांगायचं तर टेबलाचा घरात उपयोग काहीच नव्हता. जयतीर्थरावांनी अक्काविरुद्ध जिंकलेली ती एकमेव लढाई होती, आणि तिचं स्मारक म्हणून ते उभं होतं.

जयतीर्थराव एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड विभागातून निवृत्त झाले होते. एकतीस वर्षं त्यांनी फायली बांधल्या, क्रमांक टाकले आणि रचल्या. त्यामुळे फर्निचर बांधणं त्यांना जड वाटलं नाही. त्यांनी अनंतकृष्णाच्या कपाटातून रंगीत चादरी काढल्या, आणि पहिलीच चादर टेबलावर टाकतायत तोवर शेजारचे वेंकोजीराव फाटकातून आत आले.

वेंकोजीरावांच्या घराण्यात तीन पिढ्या कापड रंगवण्याचा धंदा होता. ते स्वतः टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते, तरी कापडाबद्दलचा शेवटचा शब्द आपलाच, हा हक्क त्यांनी सोडला नव्हता. त्यांनी चादरीचं टोक दोन बोटांत चोळलं, वास घेतला आणि मान हलवली. जयतीर्थरावांना ते रायरे म्हणत, म्हणजे आपलं रावसाहेब.

"रायरे, हा लाल रंग कच्चा आहे बघा. बाहेर पाऊस, आत सिमेंटचा ओलावा. पंधरा दिवसांत तुमचे पोपट लाल होतात. पांढरं घाला. जुनं धोतर सगळ्यात चांगलं. धुऊन धुऊन त्यातलं जे जायचं ते गेलेलं असतं."

जयतीर्थरावांना हे पटलं. घरातली झाडून सगळी जुनी धोतरं बाहेर निघाली. ती पुरली नाहीत म्हणून वेंकोजीरावांनी स्वतःची सहा दिली, आणि सहा धोतरं देणाऱ्या माणसाला सल्ला देण्यापासून कोण थांबवणार? त्यांनी दुसरं सांगितलं की टेबलाच्या वरच्या फळीला जाड काही बांधू नका, शिसवाला श्वास घ्यायला लागतो. पायांना उशा बांधा, गोणपाट बांधा, वर मात्र धोतराच्या दोन घड्या पुरे. जयतीर्थरावांनी तेही ऐकलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. यापुढे जयतीर्थरावांनी स्वतःची बुद्धी वापरली.

त्यांच्या मनात आलं की कामावर पाचसहा अनोळखी माणसं येणार, आणि मौल्यवान वस्तू मौल्यवान दिसली की संपलंच. म्हणून त्यांनी टेबल अशा रीतीने बांधलं की ते टेबल वाटू नये. पायांच्या मध्ये उशा कोंबून त्याचं एक ठोकळेवजा गाठोडं केलं. याउलट चपलांचं कपाट त्यांनी फार निगुतीने, तीन घोंगड्यांत, चारी कोपरे सांभाळून बांधलं. शिलाई मशीन, पुस्तकांची पेटी, धान्याची कोठी, सगळ्यांचे असेच ठोकळे झाले. एकूण एकोणीस. प्रत्येकावर खडूने नुसता क्रमांक, नाव नाही. कोणत्या क्रमांकात काय, याची यादी त्यांनी बांधायच्या आधीच स्वच्छ अक्षरात एका कागदावर केली, तिच्यावर "गोपनीय" असं लिहिलं, आणि यादी हरवू नये म्हणून सर्वांत सुरक्षित जागी ठेवली. चोर फसला असता की नाही हे कळायला मार्ग नव्हता, कारण चोर आलाच नाही.

एकोणीसपैकी आठ गाठोडी रहिवासी समितीच्या खोलीत गेली आणि अकरा वेंकोजीरावांच्या हॉलमध्ये. वेंकोजीरावांच्या पत्नी तुंगाबाई दारात उभ्या राहून "या, या, आपलंच घर आहे की," म्हणत होत्या. जयतीर्थरावांनी रेकॉर्ड रूमची पद्धत लावली. मागे भिंतीला उंच वस्तू, त्यापुढे थोडी बुटकी, त्यापुढे त्याहून बुटकी, म्हणजे प्रत्येकाचा क्रमांक समोरून वाचता येतो. एक पाट जास्त होता तो त्यांनी अगदी पुढे ठेवला. मागे सरून पाहिलं तेव्हा त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. एका रेषेत, एका रंगात, खाली उतरत आलेले सात थर.

तुंगाबाईंनाही फार आवडलं. त्या दोनदा म्हणाल्या की रायरांनी किती व्यवस्थित करून दिलं. "करून ठेवलं" असं न म्हणता त्या "करून दिलं" म्हणाल्या. घाम पुसण्याच्या नादात जयतीर्थरावांचं त्याकडे लक्ष गेलं नाही.

चिदंबर मेस्त्री अनंत चतुर्दशीच्या सकाळी आला आणि संध्याकाळपर्यंत हॉलची जमीन त्याने खणून काढली. दुसऱ्या दिवशी तो वाळू आणायला निघाला तेव्हा अन्नपूर्णाबाईंनी विचारलं की आता पुढे काय. तो म्हणाला की टाइल्स घालायला सुरुवात. अन्नपूर्णाबाईंनी भिंतीवरचं पंचांग दाखवलं. पितृपक्ष लागला होता, आणि पितृपक्षात घरात नवी जमीन घालत नाहीत.

जयतीर्थरावांनी विचारलं की मग काल जमीन फोडली ती कशी चालली. त्यावर अन्नपूर्णाबाई म्हणाल्या की काल पक्ष लागला नव्हता, आणि तसंही मोडायला दोष नसतो, मांडायला असतो. आपल्या घरात मोडलेलं पंधरा दिवस तसंच राहणार, हा पितरांना जास्त त्रास नाही का, असा प्रश्न जयतीर्थरावांना पडला. तो त्यांनी विचारला नाही. चिदंबरने मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर एखाद्या धार्मिक माणसाचं समाधान होतं. "एनू तोंदरे इल्ला सार्, काही त्रास नाही," म्हणत त्याने घमेली उचलली आणि गावातल्याच गोकुलममध्ये एका योगाच्या वर्गाची फरशी करायला निघून गेला. तिथले विद्यार्थी परदेशी होते. परदेशी लोकांचे पितर टाइल्सना हरकत घेत नाहीत, किंवा त्यांच्यापर्यंत बातमी पोचत नाही.

पंधरा दिवस जयतीर्थराव आणि अन्नपूर्णाबाई स्वयंपाकघरात दोन पाटांवर राहिले. अनंतकृष्ण सकाळी कंपनीच्या बसमध्ये चढायचा तो दिवेलागणीनंतरच उतरायचा, आणि घरी येऊन हॉलच्या खड्ड्याकडे बघत म्हणायचा की आमच्या ऑफिसात हे दोन दिवसांत होतं. श्राद्धाला आलेले आचार्य खड्ड्यावर टाकलेल्या फळीवरून चालत आत आले आणि चालत बाहेर जाताना म्हणाले की वैतरणी पार केल्यासारखं वाटलं.

मग नवरात्र लागलं. मैसूरच्या जुन्या घरांतून नवरात्रात बाहुल्या मांडतात, हे मैसूरबाहेरच्यांना सांगावं लागतं. भिंतीला टेकून पायऱ्या करायच्या, तीन, पाच, सात, विषमच, त्यावर पांढरं कापड अंथरायचं, सर्वांत वर लग्नात माहेरहून आलेली राजाराणीची जोडी बसवायची, खाली देवदेवता, मग वाणी, वाजंत्री, पोलीस, क्रिकेटचा संघ, जे असेल ते. पहिल्या दिवशी राजाराणी बसले, कलश ठेवला, की विजयादशमीपर्यंत पायरी हलवायची नाही. ती हलली तर घर हलतं असं मानतात.

पहिल्या दिवशी संध्याकाळी तुंगाबाईंनी दोघांना बाहुल्या बघायला बोलावलं. जयतीर्थराव इस्त्रीचा शर्ट घालून गेले. हॉलच्या दारात ते उभे राहिले आणि त्यांनी बघितलं. सात शुभ्र पायऱ्या. सर्वांत वर, त्यांच्या लोखंडी कपाटाच्या डोक्यावर, त्यांच्याच घरातले राजाराणी बसले होते, कारण स्वतःच्या घरी खड्डा असल्याने अन्नपूर्णाबाईंनी सकाळीच आपली जोडी इथे आणून बसवली होती. तिच्या शेजारी तुंगाबाईंची जोडी. खाली दशावतार, त्याखाली दरबार, मिठाईवाला, अंबारीचा हत्ती. आणि अकराही गाठोड्यांवरून एक सलग पांढरं कापड, जे खडूचे सगळे क्रमांक झाकून पाटापर्यंत आलं होतं.

"दर वर्षी पायऱ्यांसाठी फळ्या मागायला हिंडावं लागत होतं," वेंकोजीराव त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "रायरे, तुम्ही न सांगता केलंत. मोजून सात. त्यात पांढरं घालून. असा शेजारी नशिबाने मिळतो."

जयतीर्थराव काय बोलणार? शेजाऱ्याच्या डोळ्यांत पाणी असताना ते फर्निचर आहे असं सांगणं सभ्यपणाचं दिसलं नसतं. त्यांनी हरभऱ्याची उसळ खाल्ली आणि घरी येऊन बायकोला विचारलं की तुला माहीत होतं ना. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, हो की, त्यात काय झालं, दहा दिवसांनी काढतीलच, आणि तोवर कुणी चोरणार आहे का राजाराणीच्या खालून?

यातलं तर्कशास्त्र बिनचूक होतं. त्यामुळेच जयतीर्थरावांचा त्यावर विश्वास बसेना.

दुसऱ्या दिवशी शिमोग्याहून फोन आला. अक्का या वर्षी दशमीला नाही, पंचमीलाच येणार होती, नवी जमीन बघायला. जयतीर्थराव म्हणाले की जमीन अजून झाली नाही. अक्का म्हणाली की मग होताना बघते. आणि टेबल कसं आहे? इथे जयतीर्थरावांनी आयुष्यातली पहिली मोठी थाप मारली. टेबल पॉलिशला दिलंय, असं ते म्हणाले. मग अक्का म्हणाली की कुणाला विचारून दिलंस.

आता प्रश्न असा होता की टेबल नक्की आहे कुठे? वेंकोजीरावांच्या अकरा गाठोड्यांत की समितीच्या खोलीतल्या आठांत? जयतीर्थरावांना आठवत होतं की टेबलाचा क्रमांक सात होता. नंतर आठवलं की सात ही शिलाई मशीन. मग चार किंवा नऊ. यादी बघितली की झालं, असं ते अन्नपूर्णाबाईंना म्हणाले आणि यादी आणायला उठले. अर्ध्या वाटेत, नेमके खणलेल्या हॉलच्या फळीवर असताना, ते थांबले. घरातली सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे टेबलाचा ड्रॉवर, आणि यादी त्यातच होती.

समितीची खोली उघडून खात्री करावी म्हणून ते सचिव गंगाधररावांकडे गेले. गंगाधरराव बँकेतून निवृत्त झालेले, आणि त्यांनी समितीला रबरी शिक्का, जावक क्रमांक आणि छापील फॉर्म मिळवून दिला होता. फॉर्ममध्ये लिहायचं होतं की कोणती वस्तू बघायची आहे, आणि तिचा क्रमांक काय.

"क्रमांक बघण्यासाठीच खोली उघडायचीय," जयतीर्थराव म्हणाले.

"क्रमांकाशिवाय मी उघडली तर उद्या कुणीही येईल," गंगाधरराव म्हणाले. "तुमच्या रेकॉर्ड रूममध्ये तुम्ही देत होता का हो, क्रमांकाशिवाय फाइल?"

हा वार वर्मी बसला, कारण जयतीर्थरावांनी एकतीस वर्षं ती दिली नव्हती. एकदा तर स्वतःच्या बढतीचीही. ते घरी आले, दोन दिवस विचार केला, आणि चौथ्या दिवशी फॉर्मवर एक ते एकोणीस सगळे क्रमांक लिहून नेले. गंगाधररावांनी आदराने शिक्का मारला.

खोलीत आठ गाठोडी होती. दोघांनी मिळून सोडली. निघाली ती वॉशिंग मशीन, पलंगाचे भाग, दोन खुर्च्या, अनंतकृष्णाचा व्यायामाचा बाक, आणि तीन घोंगड्यांच्या आत, चारी कोपरे शाबूत, एक ओरखडा नसलेलं चपलांचं कपाट. गंगाधरराव त्याच्याकडे बघत म्हणाले की फार सुंदर जपलंय. मग त्यांनी आठवण करून दिली की वस्तू जशा होत्या तशा परत बांधून ठेवायच्या, नियम सात. जयतीर्थरावांनी चपलांचं कपाट दुसऱ्यांदा तितक्याच निगुतीने बांधलं.

म्हणजे टेबल पायऱ्यांत होतं. पण कितव्या? कमरेएवढ्या उंचीची गाठोडी तिथे तीन होती आणि ती तिन्ही मधल्या पायरीत शेजारी शेजारी उभी होती. टेबल, शिलाई मशीन, धान्याची कोठी. वरून सलग कापड. कोणत्या तुकड्याखाली आईचे पोपट आहेत, हे फक्त पोपटांना ठाऊक होतं.

पंचमीला अक्का उतरली. घरात खड्डा म्हणून तुंगाबाईंनी तिला आपल्याकडेच ठेवून घेतलं, तेही हॉलमध्ये, बाहुल्यांसमोर पलंग टाकून. अक्काने बाहुल्या बघितल्या, राजाराणीला हळदकुंकू वाहिलं, पायऱ्यांची प्रशंसा केली. अशा भक्कम पायऱ्या आपण शिमोग्यातही बघितल्या नाहीत, असं ती म्हणाली. वेंकोजीरावांनी लगेच जयतीर्थरावांकडे बोट दाखवलं. अक्का पहिल्यांदाच भावाकडे थोड्या कौतुकाने बघत होती, आणि त्याला त्या कौतुकाचा काहीही उपयोग नव्हता.

मग तिची नजर वेंकोजीरावांनी लावलेल्या विजेच्या माळेवर गेली. ती मिणमिणत होती आणि मध्येच हिरवी होत होती. अक्काने ती काढायला लावली. तिने पिशवीतून स्वतःची पितळी समई काढली, तीत तेल ओतलं, वात लावली, आणि मधल्या पायरीवर, अंबारीचा हत्ती थोडा बाजूला सरकवून, समई ठेवली.

जयतीर्थराव पुढे झाले. त्यांनी सुचवलं की समई खालच्या पायरीवर जास्त शोभेल. अक्का म्हणाली की पेटलेला दिवा हलवत नाहीत. त्यांनी सुचवलं की थोडी डावीकडे. डावीकडे काय आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं, पण उजवीकडेही माहीत नव्हतं. शेवटी त्यांनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"अक्का, खाली एक ताटली ठेवू या का? तेल गळतं कधी कधी."

"माझ्या समईला गळती नाही, जयू. तुझ्या घरात ताटल्या ठेवत असशील. आणि एवढी काय काळजी, खाली काय राजाचं सिंहासन आहे का?"

खाली काय आहे ते तिला सांगायचं तर टेबल पॉलिशला दिलं नाही हे सांगावं लागणार होतं. जयतीर्थराव म्हणाले, नाही, सहज विचारलं.

त्यानंतरचे पाच दिवस जयतीर्थराव रोज सकाळ संध्याकाळ बाहुल्यांच्या दर्शनाला जाऊ लागले. तुंगाबाई सगळ्यांना सांगू लागल्या की रायरांना एवढी भक्ती असेल असं वाटलं नव्हतं. ते हात जोडून उभे राहत आणि समईच्या बुडाकडे बघत. षष्ठीला बुडाभोवती काही नव्हतं. सप्तमीला एक पिवळसर गोल दिसला, रुपयाएवढा. अष्टमीला तो पुरीएवढा झाला होता. अक्का रोज तेल घालायची, आणि मायेने घालायची, म्हणजे काठोकाठ. जयतीर्थराव घरी येऊन हिशोब करत की तीन गाठोड्यांपैकी एक, म्हणजे टेबल असण्याची शक्यता तिसरा हिस्सा. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या की कोठीवर तेल पडलं तर काय बिघडतं, मशीनला तर लागतंच. या गणितात त्यांना बराच धीर आला आणि तो अष्टमीच्या संध्याकाळपर्यंत टिकला.

मधल्या काळात चिदंबरने अखेर टाइल्स घातल्या. त्याला नवरात्रात मांडायला दोष नव्हता. नवमीला आयुधपूजा म्हणून त्याने हॉलच्या मध्यभागी थापी, करणी, पाणसळ आणि मोटारसायकल मांडली, सगळ्यांना झेंडू घातला, कोहळा फोडला, आणि जाहीर केलं की पूजेला बसलेली हत्यारं उद्यापर्यंत हलवत नाहीत. जयतीर्थरावांना त्या काळात असं वाटू लागलं होतं की मैसुरात न हलणाऱ्या वस्तूंची संख्या हलणाऱ्यांपेक्षा जास्त आहे.

विजयादशमीला संध्याकाळी राजाराणी उतरले. बाहुल्या उतरल्या. समई उतरली, आणि तिच्या खाली कापडावर एक तेलकट वर्तुळ होतं, भाकरीएवढं. तुंगाबाईंनी सलग कापड ओढून काढलं. खाली धोतर होतं आणि धोतरावरही वर्तुळ होतं. त्याच्या कडेला खडूने लिहिलेलं दिसलं, नऊ.

वेंकोजीराव म्हणाले की आता उघडून बघू या रायरांचं सामान. अन्नपूर्णाबाई, तुंगाबाई, अक्का, सगळे उभे होते. जयतीर्थरावांच्या मनात आलं की फीट आल्याचं सोंग करावं. तेवढ्यात वेंकोजीरावांनी सुतळी कापली.

उशा पडल्या. धोतराच्या दोन घड्या सरकल्या. शिसवी फळी उघडी झाली, आणि तिच्यावर, डाव्या पोपटाच्या चोचीपासून आंब्याच्या डहाळीपर्यंत, एक गोल काळसर डाग होता. त्यात समईच्या बुडाची नक्षीसुद्धा उमटली होती. आठ पाकळ्यांचं कमळ.

अक्का डागाकडे बघत होती. मग तिने हातातल्या समईकडे पाहिलं. समई तिने हळूच पदराखाली घेतली. टेबल पॉलिशला का दिलं नव्हतं, हे तिने विचारलं नाही, आणि शेजाऱ्यांच्या पायरीत ते कसं आलं हेही विचारलं नाही. जयतीर्थराव वाट बघत होते. अकरा वर्षांत पहिल्यांदा डाग सापडला होता, तो कुणी पाडला हे चारजणांना ठाऊक होतं, आणि ते अक्काला तोंडावर सांगायची प्राज्ञा त्यांच्यात नव्हती, कुणातच नव्हती. ती टॅक्सी बोलावेल की रडेल, याचा त्यांना अंदाज येईना. जास्त भीती कशाची वाटते, हेही त्यांना ठरवता येईना.

अक्काने चष्मा पुसला, घातला, आणि खाली वाकून नीट बघितलं.

"हा डाग आईच्या वेळचा आहे," ती म्हणाली.

तुंगाबाईंनी तोंड उघडलं. वेंकोजीरावांनी त्यांच्या हाताला धरलं आणि शुद्ध कानडीत त्यांना कॉफी टाकायला सांगितलं.

"आई तिन्हीसांजेला इथेच दिवा ठेवायची," अक्का पुढे म्हणाली, आणि तिने भावाकडे बघितलं. त्या बघण्यात हुकूम होता, पण त्याखाली आणखी काहीतरी होतं, जे जयतीर्थरावांनी तिच्या डोळ्यांत साठ वर्षांत पाहिलं नव्हतं. "तू लहान होतास, जयू. तुला आठवत नसेल."

"आठवतं की, अक्का," जयतीर्थराव म्हणाले.

टेबल तसंच उचलून नव्या टाइल्सवर नेऊन ठेवलं. जाताना अक्काने बजावलं की त्याला पॉलिश अजिबात करायचं नाही, आईची खूण आहे, पुसली तर बघ. तिने टॅक्सी बोलावली ती एकटीसाठी. समई मात्र ती विसरून गेली. ती अजून टेबलावर आहे, आणि आताशा तिच्या शेजारी पाण्याचा ग्लास ठेवला तरी चालतो.

अक्का अजूनही दर दसऱ्याला येते. टेबलापाशी बसते आणि आलेल्या गेलेल्याला आईच्या दिव्याची गोष्ट सांगते. दर वर्षी तीत थोडी भर पडते. आई कुठलं स्तोत्र म्हणायची, पदर कसा सांभाळायची, तेल कुठल्या बरणीतून घालायची. जयतीर्थराव मान डोलावतात. सुरुवातीला ते अक्काला बरं वाटावं म्हणून डोलावत होते. गेल्या वर्षी ती बरणी पांढरी होती असं अक्का म्हणाली, तेव्हा ते मध्येच म्हणाले की नाही अक्का, तपकिरी होती, आणि तिचा कान तुटलेला होता. आणि मग त्यांनी हाताने तिची उंची दाखवली, कारण बरणी त्यांना खरोखरच दिसत होती.